दहा ओळी शुद्धलेखन

बोरमाळ, ता. जामखेड
१९ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. दीना हिस,

सलाम. तुझ्या आईला माती देऊन आज चौदा दिवस झाले. मयताचा निरोप ऐकून तू तिसऱ्या दिवशी आलीस, दारात उभी राहिलीस आणि चहा न घेता परत गेलीस. मी पत्र २७ जानेवारीला टाकलं होतं. आईची तब्येत बिकट आहे, असशील तशी निघून ये, असं स्वच्छ लिहिलं होतं. तिने आठ दिवस खाट दाराकडे तोंड करून लावायला लावली. मी चारचौघांत तुला कारण विचारलं, तर तू खाली बघत राहिलीस.

तुला आई होती हे तू विसरलीस. आता बाप आहे हेही विसर.

कृपादान गुरुजी


बोरमाळ
६ एप्रिल १९९७

चि. सौ. दीना हिस, आशीर्वाद.

जावईबापू ईस्टरला येऊन गेले. तुला सांगून आले होते की न सांगता, हे मी विचारलं नाही. देवळातली भक्ती संपल्यावर ओट्यावर बसलो, तेव्हा त्यांनी खिशातून माझं आंतर्देशीय पत्र काढून माझ्या हातात दिलं. तेच, २७ जानेवारीचं. तिन्ही बाजूंनी चिकटवलेलं होतं तसंच होतं. कुणी फोडलंच नव्हतं.

मला आधी रागच आला. बापाचं पत्र फोडण्याचेसुद्धा कष्ट नकोत, असं मी बोलून गेलो. पॉल तसे मवाळ माणूस, पण त्या दिवशी त्यांनी मला सोडलं नाही.

"मामा, मी टेम्पो घेऊन आठ दिवस बाहेर हुतो. घरात आई आन् ती. दीनाला वाचता येत न्हाई हे मला लग्नानंतर म्हैन्याभरात कळलं. आईला अजून ठाव न्हाई. सून सातवी शिकल्याली हाय म्हनून तुमीच सांगितलं हुतं. आता तिनं ते पत्र कुनाकडं न्यायचं, तुमीच सांगा."

मी आत तोंड करून चहा टाक म्हणालो, आणि मग आठवलं की आत कुणी नाही. शेवटी पॉलनीच चहा केला. साखर कुठल्या डब्यात असते हेही मला सांगता आलं नाही.

बाकी इकडे ठीक. शाळेत उजळणी चालू आहे. पहिलीची बाराखडी, दुसरीची जोडाक्षरं, तिसरीला नगर जिल्हा, चौथीला भागाकार. चारही वर्ग एकाच खोलीत, चार भिंतींकडे तोंड करून. सगळ्यांना घरी रोज दहा ओळी शुद्धलेखन आणि एक पाढा पाच वेळा. ३१ मे रोजी मी निवृत्त होतो. माझी जन्मतारीख एक जून, म्हणजे माझ्या गुरुजींनी नाव घालताना लिहिली ती. खरी कुणालाच माहीत नाही. मीही पुढे शेकडो पोरांना हीच तारीख लावली. आमच्या धंद्यात कागदावर एकदा लिहिलं की ते खरं होतं.

पत्र का फोडलं नव्हतं, यावर मी अधिक लिहीत नाही. तुलाही माहीत आहे आणि मलाही. तुझ्या क्रिस्टीनाची पहिली आता संपत आली. हे पत्र तिच्याकडून वाचून घे. सासूबाई बनुबाईंसमोर नको, परसात बसून.

तुझा बाप,
कृपादान


बोरमाळ
२२ जून १९९७

चि. सौ. दीना हिस, अनेक आशीर्वाद.

क्रिस्टीना पहिली पास झाल्याचं पॉलनी कार्डाने कळवलं. तिचं कौतुक कर. क्रिस्टीनाबाई, आता हे पत्र आईला सावकाश वाचून दाखवायचं. अडेल तिथे थांबायचं, घाई करायची नाही.

माझा सत्कार झाला. शाल, नारळ, आणि एक भिंतीवरचं घड्याळ, जे दुसऱ्याच दिवशी बंद पडलं. विस्तार अधिकारी भाषणाला उभे राहिले आणि म्हणाले, "गुरुजींच्या शाळेत तपासणीला आलो आणि प्रश्न विचारला, की सगळ्या वर्गाचे हात वर. तालुक्यात असं कुठं बघितलं नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. चौथीतली कडूबाई पुढेच बसली होती. 'हात वर' एवढंच तिच्या कानावर पडलं असावं. तिने सवयीने डावा हात वर केला आणि तसाच धरून ठेवला. मी शाल सावरत खाली बघितलं.

दीना, वर्गातली पोरं सोडली तर ही गोष्ट जगात दोघांनाच पुरती माहीत आहे, तुला आणि मला. तिसरी तुझी आई होती. ज्याला उत्तर येतं त्याने उजवा हात वर करायचा, ज्याला येत नाही त्याने डावा. हात मात्र सगळ्यांनी वर करायचे, झटकन आणि हसऱ्या तोंडाने. साहेब म्हणतात, गुरुजी तुम्हीच विचारा. मी उजव्या हातांतून तिघांना उभं करायचो, आणि शेरा मिळायचा की वर्ग उत्साही आहे. दर शनिवारी सकाळच्या शाळेत कवायत झाली की आम्ही याचा सराव करायचो. पाढ्यांचा केला नसेल इतका.

त्यातला सगळ्यात चांगला डावा हात तुझा होता. तू चौथीत होतीस. कोपरातून ताठ, चेहऱ्यावर असा आनंद, की पाहणाऱ्याला वाटावं ही पोरगी उत्तर सांगायला तडफडते आहे. घरीसुद्धा मी तुझा सराव घ्यायचो. आई भाकरी थापत होती. तिने काटवटीतून हात काढला आणि मला म्हणाली, "लेकराला येत न्हाई ते शिकवायचं सोडून, येत न्हाई ते लपवायला शिकिवता व्हय?" ती स्वतः अक्षरशत्रू. मी तिला म्हणालो, तुला शाळेतलं काय कळतं. हे वाक्य मी तिला जन्मभरात किती वेळा बोललो असेन, देव जाणे.

तुला अक्षरं उलटसुलट दिसायची. एक धरलं की दुसरं सुटायचं. दुसऱ्या कुणाची पोर असती तर मी कदाचित दमाने घेतलं असतं. गुरुजींची पोर म्हणून मला लाज वाटायची, आणि लाज वाटली की हात उठायचा. मग मारण्यापेक्षा डावा हात बरा, असं मी मनाला समजावलं. शाळेत मला गुरुजी म्हण, असं मी तुला सांगितलं होतं. तू घरातही गुरुजीच म्हणू लागलीस आणि मला त्याचा अभिमान वाटला.

चौथीच्या निकालपत्रकात वाचनापुढे मी तुला बासष्ट गुण लिहिले. नगरच्या बोर्डिंगातून तुला दोन महिन्यांत परत आणावं लागलं, तेव्हा गावात सांगितलं की पोरीला तिथलं पाणी मानवलं नाही. लग्न ठरताना सातवी सांगितली. देवळाच्या रजिस्टरात सही करावी लागणार म्हणून पंधरा दिवस तुझ्याकडून पाटीवर तुझंच नाव गिरवून घेतलं. सही छान आली. पाद्रीसाहेबसुद्धा म्हणाले, वळण बापाचं आहे.

आता मुख्य सांगतो. आईसाठी पत्र लिहायला बसलो तेव्हा तुला वाचता येत नाही, हे मला आठवलंच नाही. खोटं सांगत नाही. इतकी वर्षं तो बासष्टचा आकडा मी इतक्यांदा मनात म्हटला होता, की माझाच त्याच्यावर विश्वास बसला. शेजारचा आपला कानिफनाथ ओट्यावरच बसला होता. तो म्हणत होता, "गुरुजी, मी येष्टीनं जाऊन ताईला घिऊन येतो." मी म्हणालो, कशाला, पत्र टाकतो. आणि शाईच्या पेनाने सुवाच्य अक्षरात पत्र लिहिलं.

तू आली नाहीस असं मी लोकांत म्हणालो. तुला मी बोलावलंच नव्हतं. तू खाली बघत राहिलीस आणि सगळ्यांसमोर माझी अब्रू राखलीस. मला याची फार लाज वाटते.

तुझा,
बाबा


बोरमाळ
१४ सप्टेंबर १९९७

चि. सौ. दीना हिस, अनेक आशीर्वाद.

उत्तर नाही. ते कसं येणार हेही समजतं, तरी पोस्टमन ओट्यावरून पुढे गेला की मी उगाच त्याला हाक मारून पाणी विचारतो.

ओट्यावर सकाळी पाच-सहा पोरं येतात. कडूबाईला मी पहिल्यापासून सुरू केलं आहे. चौथी पास होऊन ती पाचवीला गेली, तिच्या निकालपत्रकावरही सही माझीच. मी तिला म्हणालो, आता मी निवृत्त माणूस, माझ्याकडे साहेब येत नाहीत, तेव्हा येत नाही म्हणायला घाबरू नकोस. तर ती म्हणते, "गुर्जी, मंग आदी का नव्हतं सांगितलं?" मी तिला पाटी पुसायला सांगितली. रोज एक अक्षर घेतो. वाळूत बोटाने काढायचं, मग पाटीवर, मग कागदावर. अडीच महिन्यांत ती एसटीवरची पाटी वाचायला लागली. जामखेड वाचलं आणि स्वतःच दचकली.

अडीच महिने, दीना. तुझ्याबरोबर माझ्याकडे चार वर्षं होती.

तिसरीचं एक पोरगं काल जिल्ह्याचा नकाशा घेऊन आलं. आपलं जामखेड आणि तुमचं श्रीगोंदा यांच्यामध्ये एक कर्जत तालुका आहे. नकाशावर माझी दोन बोटं बसतात. ते पोरगं म्हणालं, लई जवळ हाय की गुरुजी. मी म्हणालो, हो.

खाली जागा सोडून मोठ्या अक्षरात चार शब्द काढले आहेत. घर. आई. ये. बस. क्रिस्टीनाने एकेक शब्द बोट ठेवून वाचावा आणि तू तिच्या मागून म्हणावा. मग तू गिरवावा. पहिली पास झालेली मुलगी एवढं नक्की करील. पुढच्या पत्रात आणखी चार पाठवीन. बनुबाईंना म्हणावं, पोरीचा गृहपाठ घेते आहे.

मी एकदा येऊ का? तिच्या हातून एक शब्द लिहून पाठव. नाही असेल तर नाही लिही.

तुझा,
बाबा


बोरमाळ
७ डिसेंबर १९९७

दीना,

हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही.

मंगळवारी मी तुमच्याकडे आलो होतो. घरापर्यंत यायची हिंमत झाली नाही, म्हणून कारखान्याकडच्या शाळेत गेलो. शाळेच्या दारात कसं उभं राहायचं हे तेवढं मला माहीत आहे. दुसरीच्या बाई तरुण आहेत. मी निवृत्त शिक्षक, क्रिस्टीनाचा आजोबा, असं सांगितल्यावर त्यांनी खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "गुरुजी, विचारा ना पोरांना काहीतरी."

फळ्यावर एक साधं वाक्य होतं. मी म्हणालो, हे कोण वाचील? वीसेक हात वर झाले. दुसऱ्या रांगेत एक मुलगी होती, कपाळ थेट तुझ्या आईचं. तिचा हात कोपरातून ताठ, तोंडभर हसू. हात डावा.

माझी नजर तिच्यावरून पुढे सरकली. मी शेजारच्या उजव्या हाताला उभं केलं. हे सांगायची लाज वाटते, पण खरं तेच सांगतो. पस्तीस वर्षांची सवय, माझं बोट आपोआप तिकडे गेलं. त्या मुलाने वाचलं. मी शाबास म्हणालो.

बाईंना वाटलं आजोबांना नातीचं कौतुक दाखवावं. त्या म्हणाल्या, क्रिस्टीना, आता तू वाच. ती उठली. हात अजून वरच होता. फळ्याकडे न बघता तिने माझ्याकडे बघितलं आणि ओठ काढून म्हणाली, "पन मी डावा केला हुता."

वर्ग हसला. बाईंना काही कळलं नाही. मला कळलं.

मधल्या सुट्टीत आम्ही दोघं पायरीवर बसलो. मी विचारलं, डावा हात करायला कुणी शिकवलं. ती म्हणाली, "आईनं. येत नसलं की डावा वर करायचा, मंग गुर्जी इचारत न्हाईत. आमी घरी रोज खेळतो." मी विचारलं, मी पाठवलेली पत्रं तू आईला वाचून दाखवतेस ना. तिने नाही म्हणून मान हलवली. "पेटीत हायती. पप्पा वाचतो म्हनले तर आई नगं म्हनली. आई म्हनती, आत काय लिवलंय ते असू दी, अक्षर तेवढं घ्यावं."

म्हणजे माझं जूनचं पत्र तुला कुणी वाचून दाखवलेलं नाही. मी माझी चूक कबूल केली आहे हे तुला माहीतच नाही. पहिली पास झालेली पोर वाचते, असं मी पुन्हा एकदा कागदावरून धरून चाललो होतो.

मग ती मोठ्या हौसेने म्हणाली, "माझं शुद्धलेखन बघता का?" आणि दप्तरातून वही काढली. रोजच्या दहा ओळी. वहीच्या पुठ्ठ्यात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला कित्ता होता. ते माझं कार्ड होतं. पहिलं, फेब्रुवारीतलं.

पानभर तेच होतं, दीना. तुला आई होती हे तू विसरलीस. आता बाप आहे हेही विसर. एकाखाली एक दहा वेळा. चौथ्या ओळीपासून पोरं कित्त्याकडे बघत नाहीत, आपल्याच वरच्या ओळीकडे बघतात, तसं अक्षर हळूहळू उजवीकडे कललं होतं. तरी वळण चांगलं होतं. पान उलटलं, तर पुढच्या पानावरही तेच. खाली लाल शाईत बाईंची बरोबरची खूण आणि शेरा, अक्षर छान. त्या तरुण बाईंना मी काय दोष देऊ? असे शेरे न वाचता मी गाडीभर दिले आहेत.

मी विचारलं, यात काय लिहिलंय?

"ठाव न्हाई. आईला बी ठाव न्हाई. मी वहीवर काढते, आई पाटीवर काढती. आई म्हनली, आजोबांच्या सगळ्या पत्रांत हे अक्षर लई देखनं हाय."

ते खरं असणार. त्या दिवशी मी रागात होतो, आणि रागात माझं अक्षर सुधारतं.

मी वही मिटून तिच्या दप्तरात ठेवली. कार्ड मागून घ्यावंसं वाटलं, पण तिने ते इतकं नीट पिशवीत सारलं की मला मागता येईना. घंटा झाली. ती पळाली आणि दारातून वळून म्हणाली, "आईला सांगू का तुमी आल्ता?" मी हो म्हणालो की नाही, ते आता आठवत नाही. पुढची गाडी धरून परत आलो.

चार दिवस घरात बसून आहे. तू आणि पोर संध्याकाळी चुलीपुढे बसून माझं ते वाक्य गिरवता आहात, हे डोळ्यांपुढून जात नाही. ज्या वाक्याने मी तुला घराबाहेर काढलं, त्याचं वळण तू प्रेमाने घोटते आहेस. आईची फार आठवण येते. ती असती तर म्हणाली असती, गुरुजी, आता तरी उठा.

तेव्हा उठतो आहे. येत्या शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. कानिफनाथ सोबत येतो म्हणाला, मी नको म्हणालो. बरोबर पाटी आणतो, आणि हे पत्र; दारात उभा राहून आधी हेच वाचीन. पेटीतली सगळी पत्रं तू बाहेर काढ. मी पहिल्यापासून मोठ्याने वाचून दाखवीन. ते कार्डसुद्धा, एकही शब्द न गाळता, कारण तू काय गिरवलंस ते तुला कळलं पाहिजे. बनुबाई घरात असल्या तर त्यांच्यासमोर वाचीन, आणि सातवीचं खोटं माझं होतं हे आधी सांगेन. त्यानंतर क्रिस्टीनाला आणि तुला 'घर' शिकवायचं आहे, पण ते तू बस म्हणालीस तर.

तुला ते ऐकवत नसेल, तर बापाला तोंडाने नाही म्हणायचे कष्ट घेऊ नकोस. डावा हात वर कर. मी पाटी उंबऱ्यावर ठेवून परत जाईन. पण या वेळी तो हात मी पाहिलेला असेल.

बाबा